कब्रस्तानाचं कंपाउंड

नेत्यांसाठी प्रार्थना करायला माझी ना नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात राजांसाठी नि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं स्पष्ट लिहिलंय, आणि घाटंजी तालुक्यातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती दर रविवारी होते. पक्ष कुठलाही असो. माझा आक्षेप आहे तो पुलपिटाजवळ, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाजवळ, येणाऱ्या पक्षाच्या दुपट्ट्याला.

मागच्या विधानसभेला एक उमेदवार ऐन उपासनेत आले. आमच्याकडं ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. तरी आले, म्हणजे लढत चुरशीची असावी. सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, "पाळकसाहेब, भाऊच्या डोक्यावर हात ठेवा न जी." साहेबांनी ठेवला. आम्ही डोळे मिटले, कार्यकर्त्यानं मोबाइल काढला. दुपारी गावच्या ग्रुपवर फोटो: 'ख्रिस्ती समाजाचा जाहीर पाठिंबा'. आम्ही फक्त आमेन म्हटलं होतं.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं धर्माच्या नावावर मत मागणं भ्रष्ट आचार ठरतं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं मतदाराचा धर्मही त्यात धरला. हे सांगितलं तर पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, आपल्या कब्रस्तानाले कंपाउंड पायजे का नाई?"

इथं मी गप्प. गुरं आत शिरतात, आणि शेजारचा नांगर दरसाल थोडा थोडा आत सरकतो. माझ्या बापाच्या क्रुसापासून शेजारच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आता दोन हातांवर आलाय.

पोरं मोबाइलवर अमेरिकेतल्या पास्टरांना ऐकतात आणि निवडणूक म्हणजे देवाची लढाई असं बोलू लागलीत. त्यांना मी जिमी कार्टर सांगतो. बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे, संडे स्कूलमध्ये शिकवणारे, आपला नवा जन्म झाल्याचं उघड सांगणारे. १९७६ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. १९७९ला जेरी फॉलवेल या पाळकानं 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी केली, नि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत कितीतरी इव्हँजेलिकल (बायबल आणि नव्या जन्मावर भर देणारे प्रोटेस्टंट) कार्टरना सोडून रेगनकडं गेले. रेगन घटस्फोटित सिनेनट. गर्भपात, शाळेतली प्रार्थना, ख्रिस्ती शाळांची करसवलत असे मुद्दे होते. २०१६ला तर गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातल्या आठांच्या आसपास ट्रम्पना मतं गेली. (मी स्वतः मास्तर, त्यामुळं कार्टरचं जरा जास्तच लागतं.)

तिथं संख्या होती, सत्ता हवी होती. महाराष्ट्रात आपण एक टक्क्याच्या आसपास. धर्मांतराचा आरोप झाला की पोलीस ठाण्यात शब्द टाकणारा कुणीतरी लागतो. ही भीती मला कळते. पण फोटो दोघांना दिसतो. जिंकणारा विसरतो, हरणारा जपून ठेवतो.

पंच कमिटीत मी ठराव मांडला: उमेदवार आला तर बाकावर बसेल, चहा मिळेल; माइक नाही, मोबाइल बाहेर. ठराव झाला, पाळकसाहेब कुठल्याच बाजूला गेले नाहीत. कंपाउंडसाठी सातबारा काढून मोजणीचा अर्ज टाकलाय. मोजणीची फी मंडळीच्या दानातून भरायची की वर्गणी काढायची, यावर येत्या रविवारी भांडण ठरलेलं आहे.