खळ्यावरून प्रभागात

8 डिसेंबर 2023 ची सकाळ. आदल्या दिवशी लिलावात घेतलेला लाल कांदा माझ्या खळ्यावर, म्हणजे माल निवडायच्या आवारात पडलेला, बायका निवडायला बसलेल्या, आणि बातमी आली की 31 मार्चपर्यंत निर्यात बंद. लिलाव थांबले. चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आले. माझा माल पडत्या भावात गेला, पण ज्यांच्याकडून तो घेतला होता त्यांचे पैसे मी हिशोबपट्टीप्रमाणेच, लिलावात ठरलेल्या भावाने चुकते केले. सासऱ्यांनी पेढी माझ्या हाती देताना तेवढी एकच अट घातली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं होतं आणि सप्टेंबरात आम्ही व्यापाऱ्यांनी बेमुदत बंद पुकारला होता. निवेदनं घेऊन बैठकांना जायचो. अशा एका बैठकीत आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं, चहा झाला आणि विषय संपला. परतताना गाडीत माझ्या मनाने घेतलं, की आपण कायम टेबलाच्या या बाजूलाच बसणार असू तर दरवर्षी निवेदनच द्यावं लागेल.

म्हणून पक्षात गेले. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण मला जे दिसलं ते कमीजास्त सगळ्याच पक्षांत आहे.

लिलावात एक बरं असतं. ट्रॅक्टरसमोर चारचौघांत बोली होते, भाव पुकारला जातो, लगेच पावती फाटते. माल ओतल्यावर खराब निघाला तर वांधा काढता येतो, आणि तोही बाजार समितीत सर्वांसमोर मिटतो. पक्षात शब्द मिळतो, पावती मिळत नाही. "ताई, तुमचं नक्की आहे," हे मी दीड वर्ष ऐकलं. तेवढ्या काळात बूथच्या याद्या तपासल्या, सभांना माणसं नेली, सतरंज्यांचे पैसे भरले. 2025 च्या नोव्हेंबरात नगरपरिषदेची निवडणूक लागली, प्रभागातली एक जागा सर्वसाधारण महिलेसाठी सुटली, तेव्हा कुठे मुलाखत झाली. पहिला प्रश्न होता, "खर्च किती करू शकाल?" दुसरा, "मिस्टर काय करतात?" मी सांगितलं, पेढी मी चालवते, सह्या माझ्या असतात, पुढेही माझ्याच असतील.

कागदपत्रांनी जीव काढला. अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि साइट अडकायची. अखेर राज्य निवडणूक आयोगाने ऑफलाइनचीही मुभा दिली. थकबाकी नसल्याचा दाखला काढायला गेले तर खळ्याच्या घरपट्टीची जुनी बाकी निघाली, ती त्याच दिवशी भरली. शपथपत्रात बँकेचं कर्ज, पेढीची येणी-देणी, सोनं सगळं लिहिलं. एका हितचिंतकांनी कर्ज "जरा कमी दाखवा" म्हणून सुचवलं. मी आहे तो आकडा लिहिला.

त्या गठ्ठ्यात एक कागद होता शौचालयाच्या वापराचा: घरी शौचालय आहे आणि मी ते वापरते. त्यावर सही करताना हात थांबला. माझ्या खळ्यावर आणि शेजारच्या खळ्यांवर मिळून शंभरेक बायका कांदा निवडतात. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. त्यांच्यासाठी त्या अख्ख्या पट्ट्यात एकही सार्वजनिक शौचालय नाही. यातली एक मावशी दुपारी पाणी पीत नाही. मी तिला किती वर्षं बघत होते, कारण कधी विचारलं नव्हतं. माझ्या खळ्यावर मी बांधून घेतलं, ते त्या आठवड्यात. ते आधीच व्हायला हवं होतं. निर्यातबंदी नगरपरिषद उठवू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण हे काम तर तिचंच आहे. त्या दिवसापासून प्रचारात मी हेच बोलले.

17 नोव्हेंबर, अर्जाचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनची. एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाचा, पत्ता नाही. सकाळी कळलं, दुसऱ्या एका घरातल्या सुनेचं नाव पुढे आहे. मी कुणाला फोन केला नाही. ज्यांनी दीड वर्ष शब्द दिला होता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. पावणेदोनला फॉर्म हातात पडला. अडीचला अर्ज दाखल झाला.

प्रचारात शेतकऱ्यांच्या घरी जड गेलं. एका काकांनी सुनावलं, "वहिनी, व्यापाऱ्याला मत देऊ? आमचा कांदा चाळीत सडला, तुमचं काय गेलं?" त्यांना उत्तर द्यायचा मला हक्क नव्हता. मी खाली बसले, ऐकून घेतलं. त्या वर्षीचा उन्हाळ कांदा खरंच मातीमोल गेला होता.

2 डिसेंबरला मतदान झालं आणि त्याच दिवशी न्यायालयाचा आदेश आला, मतमोजणी 21 तारखेला. एकोणीस दिवस यंत्रं कुलपात. मी रोज सकाळी लिलावाला गेले, दुसरं काही सुचत नव्हतं.

61 मतांनी निवडून आले. खर्चाचा हिशोब 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. माझ्या पावत्या तारखेवार लावलेल्याच होत्या, पहिल्याच आठवड्यात दिला. त्याच फेरीत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला: खळ्यांच्या रस्त्यालगत महिलांसाठी शौचालय, जागेच्या नकाशासह. त्याची पोच शिक्का मारून घेतली.

पोच पेढीवर नेली तेव्हा त्या मावशीने ती दोन्ही हातांत धरली, वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिली, आणि विचारलं, "कधी होईल?"

मी तिला तारीख सांगितली नाही. माझ्याकडे अजून ती नाही.