नमुन्यांचं कपाट

आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग हॉलच्या मागच्या भिंतीचं काचेचं कपाट ज्यांनी पाहिलंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी जास्तच.

वरच्या फळीवर लाकडं: सागवान, शिसव, ऐन, किंजळ, फणस. खानापूर-लोंढ्याच्या रानातली. एक बाजू रंधलेली, दुसरीवर साल तशीच. मुंबई राज्याच्या काळातल्या चिठ्ठ्या मराठी-इंग्रजीत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ला आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे शेजारी कन्नड चिठ्ठ्या आल्या. जुन्या कुणी काढल्या नाहीत, याचा मला फार अभिमान वाटतो.

मधल्या फळीवर बोल्ट-नटांच्या आट्यांचे नमुने. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आटा ५५ अंशांचा, मेट्रिक ६०चा. सर एकाचा बोल्ट, दुसऱ्याचा नट हातात देत. दोनेक फेरे जाऊन तो अडला की म्हणत, "जोर करू नको, आटे मरतील."

पण खरी दौलत खाली होती: ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचे नमुने. दोन फाळ्यांची पुली, कोअर बॉक्स (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा घडवायची पेटी), दातेरी चाक. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी, फुटामागे एक अष्टमांश इंच वाढवलेली! बाजूंना किंचित उतारही हवा, नाहीतर पॅटर्न उचलताना वाळूचा साचा ढासळतो. सर तो उतार डोळे मिटून, अंगठा फिरवून ओळखायला लावत. आमच्यातले कितीतरी जण पुढे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत लागले, ते या फळीच्या जोरावर.

याच तासाला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट निघे. मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलेले, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलेले, १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवणारे. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे सर दर वेळी आवर्जून सांगत.

आता पॅटर्नचं डिझाइन कॉम्प्युटरवर होतं. तरी बीड आकसायचं थांबलेलं नाही, उतार आजही द्यावाच लागतो. म्हणून शाळेचं सामान हलवताना हे कपाट भंगारात जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक नमुन्याची नोंदवही व्हावी, मोडलेले पॅटर्न जाणत्या सुताराकडून सांधून घ्यावेत, चिठ्ठ्या मात्र आहेत तशाच ठेवाव्यात. माझ्या त्या वेळच्या ड्रॉइंगच्या वह्या मापांसकट शाळेला देतो आहे. कुणाकडे तेव्हा हाताने केलेले जुने जॉब, काटकोन तपासायचे गुणे, पट्ट्या असतील त्यांनी नाव आणि वर्ष लिहून कार्यालयात आणून द्याव्यात.