बहिणाबाई कुठल्या वर्गाला गेल्या होत्या?

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, भरिताच्या पार्टीत वांगी सोलता सोलता विचारलंत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आकडा घालून विचारलं: "सर, वाचनालयात शनिवारी लेखनाचा वर्ग घेता म्हणे. पण बहिणाबाई कुठल्या वर्गाला गेल्या होत्या?" आणि हसता. हा विनोद पहिल्यांदा तुम्हालाच सुचलाय असं तुमच्या चेहऱ्यावर असतं, म्हणून मीही हसत आलो. आता एकदा नीट उत्तर देतो.

गेल्या नव्हत्या. पण तुमच्या विनोदातून एक माणूस नेहमी गळतो, लिहून घेणारा. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी कागदावर उतरवून घेतलं तेवढं आज आपल्याकडे आहे. जवळ कुणी नसताना शेतात, घरोटावर म्हणजे जात्यावर जे म्हटलं गेलं, ते तिथेच गेलं. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या. मग वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि 1952 साली संग्रह छापला गेला. मुलगा कवी नसता तर? आसोद्यापासून शहाद्यापर्यंत जात्यावर बसलेल्या बाकीच्या बायकांचे मुलगे कवी नव्हते, आणि त्यांच्या ओव्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. कुणीतरी समोर बसून ऐकतो, "पुन्हा म्हण" म्हणतो, उतरवून घेतो. माझ्या शनिवारात याहून जास्त काही नाही.

बालकवींचं नाव पुढे करणारेही भेटतात. उपजत प्रतिभा! मान्य. पण धरणगावच्या त्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली ती 1907 साली, जळगावच्या कविसंमेलनात. म्हणजे माणसं जमली, त्यांनी ऐकलं, दाद दिली. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरात ठेवून घेतलं. त्या घरात तो नुसता जेवायला राहत होता असं तुम्हाला वाटतं का?

तुमच्याआधी हा प्रश्न मीच विचारलेला आहे, आणि तोही माईकवरून. धुळ्यात नोकरीला नवा लागलो होतो, एका स्नेहसंमेलनात बोलायला उभा राहिलो आणि म्हणालो, पोहणं शिकवता येतं, कविता शिकवता येत नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या घेणाऱ्या पोरसवदा प्राध्यापकाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तो म्हणतो, तू लोकांना विशेषणं खोडायला लावतोस आणि त्याला लेखन शिकवणं म्हणतोस? मी म्हणतो, विशेषणं खोडल्यावर खाली काय उरतं ते तू कधी बघितलंस का? तो म्हणतो, बहुतेक वेळा काहीच उरत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण बहुतेक वेळा खरंच काही उरत नाही.

बाकीचे प्रश्न झटपट संपवतो. फी घेतो का? चहा आणि झेरॉक्सपुरती. अहिराणीत लिहिलेलं चालतं का? चालतं, सातपुड्यातल्या आदिवासींच्या पावरी बोलीतही चालेल, फक्त वाचून दाखवायचं. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन झालं, त्याच सुमाराला तिथेच विद्रोही संमेलनही झालं, मग आता वर्ग कशाला? अहो, संमेलनाचा मांडव तीन दिवसांनी निघतो. पुरुषोत्तम पाटलांनी 1985 साली याच धुळ्यातून 'कविता-रती' हे कवितेचं नियतकालिक सुरू केलं, ते तीन दिवसांत गुंडाळायचं काम नव्हतं. गावोगावच्या कवींच्या कविता इथे यायच्या आणि कुणीतरी त्या नीट वाचायचं. मी त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण धंदा तोच.

आता खरा प्रश्न. तो तुम्ही हळू आवाजात विचारता: त्या अंगणवाडीच्या ताईंचं काय झालं?

शिंदखेड्याच्या बाजूच्या एका गावातून त्या शनिवारी एसटीने यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माहेरावर लिहून आणलं होतं. माहेर म्हणजे मायेची सावली, माहेर म्हणजे श्रावणसर, दोन पानं हेच. मी विचारलं, ताई, माहेरी शेवटच्या कधी गेला होता? त्या म्हणाल्या, सही करायला. कसली सही? हक्कसोडीची.

तुमच्यापैकी निम्म्या घरांत हे झालेलं आहे. वडील जातात, वारस नोंदीत भावांबरोबर बहिणींचीही नावं लागतात, मग महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना गाडी पाठवली जाते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोड पत्र नोंदवलं जातं, तलाठ्याकडे फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावरून बहिणींची नावं निघून जातात. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हे कचेरीतल्या सगळ्यांना माहीत असतं. बहिणीलाही माहीत असतं.

मी एवढंच म्हणालो की त्या दिवसाचं लिहा. गाडीत कोण होतं, कुठे थांबलात, काय खाल्लंत. माझं शिकवणं म्हणाल तर एवढंच. त्यांनी लिहिलं. रस्त्यात ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, पैसे भावाने दिले. कचेरीत त्यांचं बोट यंत्रावर उमटेना. अंगणवाडीतली भांडी, घरची धुणी, कापसाच्या दिवसांत वेचणी, बोटावरच्या रेषाच झिजलेल्या. कारकून म्हणाला, केसांवर पुसा. तरी उमटेना. मग भावाने खिशातून स्वतःचा रुमाल काढला, बहिणीचा हात हातात घेतला, लहान मुलाचा पुसावा तसा तो अंगठा पुसला आणि यंत्रावर दाबून धरला. उमटला. यात रागाचं एक वाक्य नव्हतं. आता माहेरी कोण कसं वागतं त्याचंही नव्हतं.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं जाहीर वाचन असतं. खाली दिवाणखान्यात सतरंज्या, मागे खुर्च्या. ताई म्हणाल्या, मी हेच वाचते. वाचा असं मी सांगितलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. तुम्ही मला याच वाक्यावर धरता ना? धरा. पण हेही ऐका, भावाला आमंत्रण मी दिलं नव्हतं. त्यांनीच दिलं होतं. भाऊ बहिणीला मोटारसायकलवर घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बहीण व्यासपीठावर बसणार म्हणून माणूस खुशीत होता. त्याने पुडा माझ्या हातात दिला, म्हणजे मी तो घेतलाय.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. यंत्राशी आल्यावर त्या एकदम अहिराणीत म्हणाल्या, "बोट उमटनंच नही," आणि लोक हसले. भाऊही हसला, तिसऱ्या रांगेत. त्याला अजून कळलं नव्हतं. मग रुमाल आला. हसणं एका जागी थांबत नाही, ते रांगेरांगेने विझतं. मागचे दोघं-तिघं हसतच होते तेव्हा पुढे सगळं गप्प होतं. तो उठून गेला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शेवटपर्यंत बसला. पुढच्या दोन कविता ऐकल्या, आभारप्रदर्शन ऐकलं, चहा घेतला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, रुमाल मन्हाच व्हता. बाकी बी खरं शे. पन हाई घरमा बोलानं व्हतं."

बहिणीला पुन्हा गाडीवर बसवून घेऊन गेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे लेकी माहेरी नेतात; तेव्हा मात्र न्यायला कुणी आलं नाही.

तेव्हापासून कुणी म्हणतं मी एक घर फोडलं, कुणी म्हणतं मी एका बाईला आवाज दिला. दोन्ही मंडळींना माझा नमस्कार. आवाज त्यांचा त्यांना होताच, त्याशिवाय त्यांनी भावाला पुढ्यात बसवून वाचलं असतं का? आणि घर? त्या ढाब्यावरून निघालेल्या गाडीत ते कितपत शाबूत होतं, ते तुम्ही मला सांगा. असं मी मोठ्या आवाजात म्हणतो खरा. पण रात्री तो पोरसवदा प्राध्यापक येऊन बसतो आणि विचारतो, तिने सावलीचं आणि श्रावणसरींचं लिहिलं होतं तेच राहू दिलं असतंस तर? त्या कागदाने आखाजी तर चुकली नसती. त्याला मी सांगतो की त्या संध्याकाळी चहाच्या टेबलाशी तीन बायकांनी ताईंचा हात धरून "मन्हं बी असंच" म्हटलं. तो विचारतो, पुढे त्या तिघींपैकी वर्गाला कोण आलं? कुणीच आलं नाही.

ताईही येत नाहीत. फोन करतात. मध्यंतरी त्यांनी त्या लेखाची टाईप केलेली प्रत मागितली, मी पाठवली. कशासाठी हवी ते विचारलं नाही. भाऊ बोलतो का, हे मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कामापुरतं.

वर्ग चालू आहे. सध्या आठवडाबाजारातलं बोलणं ऐकून उतरवायचं काम दिलंय, आणि त्यात एक पोरगं, गॅरेजवर काम करणारं, असं काही लिहितं की मला जळायला होतं. जाहीर वाचनाचं मात्र अडलंय. कार्यकारिणीने ठराव केला की यापुढे वाचायचा मजकूर आधी समितीला दाखवावा, कौटुंबिक विषय शक्यतो टाळावेत. सगळे सदस्य चांगली माणसं आहेत, ठराव भांडण टाळायला केलाय, हेही मला कळतं. फक्त कौटुंबिक विषय टाळून खानदेशातल्या बाईने कशावर लिहायचं, एवढं त्यांनी मला सांगावं. इतिवृत्ताची वही माझ्यापर्यंत दोनदा आली. मी अजून सही केलेली नाही.