'आमचे हे' म्हणजे कोणते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या लग्नाला चार वर्षं झाली, तरी बोलता बोलता मी 'आमचे हे' म्हटलं की समोरची बाई हळूच विचारते, "म्हणजे कोणते?" पहिल्यांना विसरलात का, हे तिला खरं विचारायचं असतं.

'हे' म्हणजे माझे पहिलेच. एकतीस वर्षांचा तो शब्द मला दुसऱ्या कुणाला देता आला नाही. आताच्या यजमानांना मी नावानं हाक मारते. त्यांनीच तसं सुचवलं.

आमची ओळख नोव्हेंबरातली, बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत. त्यांची स्वतःच्या नोकरीची पेन्शन; त्यांनी हयात आहोत एवढंच लिहून द्यायचं. माझी 'ह्यां'च्या केंद्र सरकारी नोकरीमुळे मिळणारी फॅमिली पेन्शन. मला 'पुनर्विवाह केलेला नाही' याखालीही सही करावी लागे. पुढे रोज संध्याकाळी बागेत एका बाकावर बसू लागलो. बोलणं बहुतेक आजारपणाचं. केमोचे दिवस, रात्रीची जागरणं, त्यांच्या गेलेल्या बायकोला काय आवडायचं, ह्यांना काय खपायचं नाही. इतरांसमोर हा विषय निघाला की लोक तो बदलत. तिथे आम्हाला तो बदलावा लागत नव्हता. जीव जडला तो त्यातूनच.

लग्न केलं की माझी पेन्शन बंद होणार होती. "नुसतं सोबत राहा की," असं सांगणारी माणसं आपलीच होती. पण दवाखान्याच्या कागदावरची 'रुग्णाशी नातं' ही ओळ मी दीड वर्ष भरली आहे. उद्या ह्या माणसासाठी ती भरायची वेळ आली तर काय लिहू?

घर जाईल, अशीही भीती कुणीकुणी घातली. १८५६च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यात पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जायचा खरा. पण १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं विधवेला वारशात मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो, नंतर लग्न केलं म्हणून तो जात नाही. हे वकिलांकडून समजून घेऊन मी लेकीला बसवून सांगितलं. ती म्हणाली, "घराचं राहू दे आई. बाबांचा फोटो नेशील ना?"

नेला. आता भिंतीवर दोन फोटो आहेत.

पहिल्या वर्षी पितृपक्षात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी सवाष्ण गेलेल्या बाईची ही तिथी. मी वडे, खीर, गवार-भोपळ्याची भाजी केली. जेवायला सांगितलेल्या सवाष्णीला ऐनवेळी जमेना. त्यांचा मुलगा म्हणाला, "काकू, तुम्हीच बसा पाटावर." हे गेल्यापासून हळदीकुंकवाची बोलावणी मला बंद झाली होती. त्या दिवशी त्याच्या आईच्या नावानं त्याच्या बायकोनं माझी ओटी भरली. माझे हात थरथरत होते.

खिरीचा पहिला घास घेऊन मुलगा थांबला. "आई असंच जायफळ घालायची. तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाकावर त्याच्या बाबांनीच सांगितलं होतं.