लाईन कुठली?

मुंबईत नवी ओळख झाली की नाव-गाव बाजूला राहतं, आधी प्रश्न येतो, "लाईन कुठली?" वेस्टर्न, सेंट्रल की हार्बर एवढं कळलं, की समोरचा तुमची गर्दी आणि तुमचा रविवारचा मेगाब्लॉक मनातल्या मनात मांडून मोकळा होतो. हाच प्रश्न मामांनी दहावी झालेल्या भाच्याला विचारला, तर उत्तर सायन्स, कॉमर्स नाहीतर आयटीआय असतं. पुढे पोरगा बिघडला तर 'भलत्याच लाईनीला लागला', सुधारला तर 'लाईनीवर आला'.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं 'लिनिया', म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. 'लिनन' त्याच घरातलं. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते. मग इंग्रजीत रेघ, कवितेची ओळ, नटाचं वाक्य, घराण्याचा वंश, सगळं त्या एकाच दोरीला लटकलं. आपल्याकडे वहीत ओळ, पाटीवर रेघ, माणसांची रांग असं वेगवेगळं सामान होतंच. तरी लाईन आलीच! माझं मत विचाराल तर रांग आणि लाईन एक नव्हेत. शाळेत प्रार्थनेला रांग असते, रॉकेलला लाईन असायची. लाईनीत कोणीतरी मध्ये घुसणार हे गृहीत असतं.

मरीन लाईन्सला रोज उतरणारेही या 'लाईन्स' कसल्या हे सहसा विचारत नाहीत. तिथे एकोणिसाव्या शतकात मरीन बटालियनची वस्ती होती, आणि फौजेच्या बराकींच्या ओळींना इंग्रज 'लाईन्स' म्हणत. नागपूरची सिव्हिल लाईन्स आणि जिल्ह्याच्या गावची पोलीस लाईन ही त्याच गोतावळ्यातली. विदर्भात मात्र 'लाईन गेली' म्हटलं की वीज गेली, आणि मग शोध सुरू होतो लाईनमनचा.

पण सगळ्यात कडक अर्थ रेल्वेचा. 'लाईन क्लिअर' हे स्टेशन मास्तरने स्वतःच्या मनाने म्हणायचं नसतं. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारायचं. आधीची गाडी पोचली, रूळ मोकळा आहे, अशी खात्री करून त्या मास्तरने होकार दिला तरच ही गाडी निघणार. एकेरी मार्गावर तर पुढच्या स्टेशनने संमती दिल्याशिवाय यंत्रातून टोकनचा, म्हणजे पुढे जायच्या परवान्याचा, गोळाच बाहेर येत नसे. तो पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवत आणि न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर किंवा त्याचा सहायक ते कडं चालत्या गाडीतून हाताने झेलत. गोळा हाती नाही, तर त्या तुकड्यावर गाडी नाही.

कॉलेजच्या कट्ट्यावर हा शब्दप्रयोग कसा पोचला देव जाणे. तिथे 'लाईन मारणे' चालतं. इंग्रजीतल्या लाईनीला निदान एखादं वाक्य तरी बोलावं लागतं, आपल्याकडे बसस्टॉपवर तासभर नुसतं उभं राहिलं तरी भागतं. दोन दिवस ती एकटी दिसली की मित्रमंडळी जाहीर करतात, "लाईन क्लिअर आहे रे!" पुढच्या स्टेशनला कोणी विचारलेलंच नसतं.