आधी काळा

जुन्या अमेरिकी पद्धतीचा, खलाशी काढून घेत तसा टॅटू कागदावर रंगवायला घेतला की नव्या माणसाचा हात आधी लाल बाटलीकडे जातो. गुलाब लालच, हे खरं. पण त्याला आकार येतो तो काळ्याने. रेघ काळी, सावली काळी आणि ते खडखडीत वाळल्यावर मग रंग. शिकायला बसलेल्या कुणालाही मी हेच सांगेन: सुरुवातीचे काही महिने रंगाच्या बाटल्या कपाटातच राहू द्या.

मी भोसरीच्या एका कारखान्यात यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. दिवसभर संगणकावर रेघा. रात्री शनिवार पेठेतल्या घरी जेवणं आटोपली की तासभर हाताने रेघ. समोर नमुने असतात ते दोन जुन्या टॅटूवाल्यांचे: होनोलुलूच्या नॉर्मन कॉलिन्सचे, म्हणजे सगळे ज्याला सेलर जेरी म्हणतात त्याचे, आणि नॉरफोकच्या कॅप कोलमनचे. असे रंगवलेले तक्ते त्यांच्या काळी टॅटूच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असत. त्यांना फ्लॅश म्हणतात. खलाशी आत यायचा, एखाद्या जहाजावर किंवा पाकोळी पक्ष्यावर बोट ठेवायचा आणि खुर्चीत बसायचा. कोलमनचे तक्ते १९३६ साली व्हर्जिनियातल्या मरिनर्स म्युझियमने विकत घेतले. दुकानातलं रोजचं काम संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीचं आहे हे तेव्हाच कुणालातरी कळलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पाकोळी आधी ट्रेसिंग पेपरवर गिरवायची, मग काचेखाली दिवा लावून जाड कागदावर उतरवायची. पंखाची लांब रेघ बोटांनी ओढली की थरथरते. ती खांद्यातून आली पाहिजे, एका दमात. शाई मात्र वॉटरप्रूफच हवी, नाहीतर वरून रंगाचा हात फिरला की सगळा काळा वाहून जातो.

आणि मग सावली. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. हातात दोन ब्रश धरायचे, एक शाईचा, दुसरा नुसता ओला. रेघेला लागून शाईचा पट्टा लावायचा आणि ती वाळायच्या आत ओल्या ब्रशने त्याची कड बाहेर ओढायची, गडद काळ्यापासून कोऱ्या कागदापर्यंत. जुने लोक तो ब्रश तोंडात ओला करत, म्हणून याला स्पिट शेडिंग म्हणतात. तुम्ही वाटीतलं पाणीच वापरा, शाई पोटात जाता कामा नये. ब्रशमध्ये पाणी जास्त झालं तर डाग पसरतो, कमी पडलं तर कड तशीच राहते. किती पाणी हे सांगून कळत नाही, ते रोज करूनच बोटांना कळतं. कागद सुती घ्या. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चिंध्यांपासून केलेला मिळतो. कोपऱ्यावर शाई लावून बघा आणि मग ठरवा. रंगांना मी अप्पा बळवंत चौकातून आणलेले फोटो कलर वापरते, पूर्वी कृष्णधवल फोटो रंगवायचे तेच. ते पारदर्शक असल्यामुळे खालचा काळा झाकला जात नाही.

एवढा काळा कशाला, असं मला विचारतात. कारण हे चित्र मुळात कातडीसाठी आहे. कातडीखालची रेघ वर्षांनुवर्षं हळूहळू पसरते. बारीक नक्षी जवळजवळ असली तर एकमेकींत मिसळून जाते. जाड रेघ आणि मध्ये सोडलेली मोकळी जागा असली तर चित्र ओळखू येतं. शिवाय रंग कातडीच्या वरच्या थराखाली बसतो, म्हणजे आपण तो त्या थराच्या रंगातून पाहतो. आपल्या सावळ्या हातावर पिवळा मंद पडतो, काळा ठाम राहतो.

माझ्या आजीच्या मनगटावर तुळस गोंदलेली होती, कपाळावर ठिपका. काजळीचंच गोंदण, पण दिसायचं हिरवट-निळं, कारण खोलवर बसलेला काळा कातडीतून तसाच दिसतो. म्हातारपणी कातडी सुरकुतली तरी ती तुळस लांबून ओळखू यायची: मोजके ठिपके, मोजक्या रेघा, मध्ये भरपूर जागा. गोंदणारणीला आणि होनोलुलूच्या त्या माणसाला एकच गोष्ट कातडीने शिकवली होती. म्हणून आता तुळशीवृंदावन, चंद्रकोर, विंचू हेही मी त्याच जाड रेघेत, त्याच सावलीत बसवून बघते आहे. विंचू उत्तम बसतो, नांगीच्या प्रत्येक पेराला सावली देता येते. वृंदावन अवघड आहे. सरळ कडांना सावली दिली की ते दगडाचं खोकं वाटतं, म्हणून सध्या फक्त कोनाड्यात काळा भरते आणि बाकीच्या भिंती कोऱ्या सोडते.