पुस्तकातलं पोस्टकार्ड कुणाचं?

जुन्या पुस्तकात पोस्टकार्ड सापडलं, तर लगेच उचलू नका. कोणत्या पानांमध्ये होतं ते टिपा, फोटो काढा. मालक शोधायचा तो पत्त्याच्या बाजूला. मजकुराखालची सही पाठवणाऱ्याची. इथेच बरेचजण चुकतात.

पुसट शिक्क्यावर बॅटरी आडवी धरा, ठसा उठून दिसतो. किंमत आण्यांत असेल तर कार्ड बहुधा १९५७ आधीचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लोक कित्येक वर्षं तो लिहीतच नसत. तारीख शकात असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९; पौषात दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

‘चि. सौ. कां.’ (चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे लग्न व्हायची मुलगी) दिसलं की जपून: लग्नानंतर आडनावच नाही, कित्येकदा नावही बदलायचं. म्हणून माहेरचं गावही शोधा.